शस्त्राचा विश्वस्त

खंडेनवमीच्या दिवशी बेळगाव आणि निपाणीकडील जुन्या घरांतून शस्त्रे बाहेर काढली जातात. तलवारीला तेल लागते, कट्यारीचे म्यान पुसले जाते, आणि घरात ठासणीची बंदूक असली तर तिच्याही नळीवर हळदकुंकवाची बोटे उमटतात. दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा हा सोहळा महाराष्ट्रात व कर्नाटकात सारखाच चालतो. परंतु पूजेच्या पाटावर ठेवलेले ते शस्त्र नेमके कोणाचे, असा प्रश्न जर कोणी विचारला, तर त्याला दोन निरनिराळी उत्तरे मिळतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, शस्त्र घराण्याचे. कायदा म्हणतो, बंदूक परवान्यावर ज्याचे नाव आहे त्याची. परवानाधारक हयात असेपर्यंत या दोन उत्तरांतील भेद कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याने डोळे मिटले की तो भेद एकाएकी उघडा पडतो. ज्याच्या नावावर परवाना होता तो गेला, म्हणजे त्या घरात बंदूक बाळगण्याचा आधारच संपला. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. पिढ्यान् पिढ्या देवघराशेजारी राहिलेली वस्तू ठाण्याच्या कोठडीत चिठ्ठी लावून पडते, आणि वारसांची धावपळ सुरू होते.

अशा वेळी एक विचार सहजच मनात येतो. जमीन, देऊळ, शाळा यांचा जसा न्यास करता येतो, तसा शस्त्राचा का करता येऊ नये? व्यक्ती येतात आणि जातात, न्यास राहतो. मग बंदूक न्यासाच्या मालकीची केली, आणि कुटुंबातील जाणत्या माणसांना विश्वस्त नेमले, तर दर पिढीला हा प्रश्न नव्याने उभा राहणार नाही. हा विचार केवळ कल्पनेतला नाही. अमेरिकेत तो प्रत्यक्षात आलेला आहे. आपल्याकडे मात्र तो रुजला नाही, आणि तो का रुजला नाही याचे कारण कायद्याच्या पुस्तकापेक्षा या सीमाभागाच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे वाचायला मिळते.

इंग्रजी अमलापूर्वी या मुलखात शस्त्र हे बहुधा चाकरीशी बांधलेले असे. देसाई, देशपांडे, पाटील हे वतनदार. त्यांच्या खालोखाल शेतसनदी. शेतसनदी म्हणजे ज्याला सनदेने शेत मिळाले आहे असा गावचा शिपाई. त्याने गावाची राखण करावी, वसुलीच्या वेळी अंमलदाराबरोबर जावे, प्रसंग पडला तर धन्याच्या निशाणाखाली लढावे, आणि त्याबद्दल सनदेतील जमिनीचे उत्पन्न खावे. डोंगरी किल्ल्यांवर हीच व्यवस्था गडकऱ्यांच्या रूपाने होती. गडाची शिबंदी वंशपरंपरेने गडावर राहत असे, आणि तिच्या पोटापाण्यासाठी गडाखालच्या जमिनी लावून दिलेल्या असत.

या व्यवस्थेत मालकीची आजची कल्पना शोधू गेल्यास हाती लागत नाही. चाकरी एक पुरुष करी, उत्पन्न सारी भाऊबंदकी खाई, वतन मनमानेल तसे विकता येत नसे, आणि एकाच्या मरणाने ते संपतही नसे. शस्त्र बाळगणारा हात बदले, परंतु शस्त्र ज्या कामासाठी होते ते काम तेच राही. हाती असलेली वस्तू आपल्या चैनीसाठी नाही, दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेल्या कर्तव्यासाठी आहे, हा जर विश्वस्तपणाचा गाभा मानला, तर शेतसनदी आणि गडकरी हे एका अर्थाने शस्त्रांचे विश्वस्तच होते. फक्त त्यांच्या न्यासाचा दस्तऐवज म्हणजे राजाची सनद होती, आणि ती सनद राजा बदलला की डळमळीत होत असे.

राजा बदलला तो 1818 साली. त्या वर्षीच्या 10 एप्रिलला जनरल मन्रो याच्या स्वाधीन बेळगावचा किल्ला झाला आणि पेशवाईबरोबर या मुलखातील मराठी सत्ता आटोपली. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, ज्यांना इंग्रजी कागदांतून आप्पा देसाई म्हणून ओळखले जाते, ते सरलष्कर म्हणवीत. 1803 च्या मोहिमेत त्यांचे पथक वेलस्लीच्या फौजेबरोबर होते. त्यांच्या पदवीतच लष्कर होते. त्यांचे संस्थान म्हणजे फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलूख. 1839 साली सिद्धोजीरावांचे निधन झाले आणि निपाणी खालसा झाली. ज्या चाकरीसाठी मुलूख दिला होता ती चाकरी नव्या सरकारला नको होती, आणि चाकरी नको असलेल्या सरकारच्या दृष्टीने ती करणाऱ्याच्या हातातील शस्त्र ही केवळ एक जोखीम होती.

कित्तूरच्या प्रकरणात ही गोष्ट आधीच दिसून आली होती. तेथील देसाई शिवलिंगरुद्र 1824 च्या सप्टेंबरात वारले. दत्तक नामंजूर झाला आणि 23 ऑक्टोबर रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यासमोर मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत गेल्या आणि तेथेच 1829 साली त्यांचा अंत झाला. त्यानंतर जो पुरुष उठला तो संगोळ्ळीचा रायण्णा. हा रायण्णा शेतसनदी होता. कित्तूर पडल्यावर सनदी जमिनींची चौकशी सुरू झाली. कोठे जमीन काढून घेतली, कोठे तिच्यावर सारा चढविला. ज्या जमिनीच्या आधारावर शस्त्र हाती होते ती जमीनच गेली, तेव्हा शस्त्र मात्र हाती राहिले, आणि ते नव्या सरकारवर उगारले गेले. रायण्णा पकडला गेला आणि 1831 च्या जानेवारीत खानापूर तालुक्यातील नंदगडाजवळ त्याला फाशी देण्यात आले. नंदगडला आजही त्याच्या समाधीपुढे लोक हात जोडतात.

याच्या तेरा वर्षांनंतर तीच कहाणी पश्चिमेच्या डोंगरांत घडली. कोल्हापूर दरबारात इंग्रजांच्या अनुमतीने दाजी पंडितांचा कारभार सुरू झाला आणि गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था त्यांच्या हातून काढून मामलतदाराकडे देण्याचा घाट घातला गेला. गडकऱ्यांना हा बदल हिशेबाचा वाटला नाही, तो त्यांना अस्तित्वाचा वाटला. 1844 साली निपाणीपासून दूर नसलेल्या सामानगडाने दरवाजे बंद केले, भुदरगडाने त्याचे अनुकरण केले, आणि अखेरीस पन्हाळाही बंडात सामील झाला. बेळगावच्या छावणीतून फौज निघाली. सामानगड ऑक्टोबरात आणि पन्हाळा 1 डिसेंबरला पडला. किल्ल्यांची तटबंदी निकामी करण्यात आली आणि वंशपरंपरागत शिबंदीची प्रथा कायमची बंद झाली. गडकऱ्यांचे शस्त्र, गडकऱ्यांची जमीन आणि गडकऱ्यांचे कर्तव्य ही तीन पदरी दोरी त्या वर्षी तुटली.

तोपर्यंत शस्त्रे काढून घेतली जात होती ती बंड मोडल्यावर, जिंकणाऱ्याच्या हक्काने. 1857 साली मात्र प्रथमच कायद्याचा हात सरसकट प्रत्येक घरापर्यंत पोचला. उत्तरेत उठाव भडकला असता त्या वर्षाच्या सप्टेंबरात शस्त्रांच्या नोंदीचा व जप्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. शस्त्रे दाखवा, नोंद करा, परवाना घ्या, नाही तर ती सरकारजमा करा, असा हुकूम दक्षिण मराठा मुलखातील संस्थानांतूनही फिरू लागला.

मुधोळ संस्थानात हलगली नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील बेडर लोक शिकारी आणि लढवय्ये. शस्त्र हा त्यांच्या रोजच्या जीवनाचा भाग. शस्त्र दिले म्हणजे अब्रू दिली, अशी त्यांची भावना. जडग आणि बाळ या त्यांच्या पुढाऱ्यांची नावे आजही त्या प्रदेशात घेतली जातात. बेडरांनी शस्त्रे देण्याचे नाकारले. नोव्हेंबर 1857 च्या अखेरीस कर्नल माल्कमची फौज हलगलीवर चालून आली, गावाला आग लावण्यात आली, आणि डिसेंबरात एकोणीस जणांना फासावर चढविले. काहींना मुधोळास, काहींना हलगलीतच. पुढे जॉन फ्लीट या विद्वान अधिकाऱ्याने हलगलीच्या बेडरांवरील कानडी लावणी लोकांच्या तोंडून मिळवून प्रसिद्ध केली. ज्या सरकारने गाव जाळले त्याच सरकारच्या एका नोकराने त्या गावाचे गाणे जतन केले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय म्हटला पाहिजे.

हलगलीनंतर सहा महिन्यांनी नरगुंदची पाळी आली. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे, ज्यांना बाबासाहेब म्हणत, हे मराठी भाषिकांना परिचित आहेत. त्यांना दत्तक नाकारला गेला होता, आणि त्यावर तोफा व दारूगोळा स्वाधीन करण्याची मागणी झाली. 29 मे 1858 च्या रात्री पोलिटिकल एजंट मॅन्सन हा सुरीबान येथे मारला गेला. नरगुंद पडले, बाबासाहेब पकडले गेले आणि 12 जून 1858 रोजी बेळगाव येथे त्यांना फाशी झाली. शस्त्रांची यादी करण्याचा कागदी हुकूम किती माणसांच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊ शकतो, हे या सहा महिन्यांनी दाखवून दिले.

आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. हलगलीच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या कुशीत कोडगू नावाचा लहानसा प्रदेश आहे. तेथेही जमीन आणि शस्त्र यांची गाठ होती. त्या जमिनीला जम्मा म्हणतात. जम्मा धारण करणाऱ्याने राजाची लष्करी चाकरी करावी, असा तिचा मूळ करार. म्हणजे आपल्या शेतसनदीचा तो सख्खा भाऊच. पण 1857 साली कोडगू इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले. म्हणून 1861 च्या फेब्रुवारीत म्हैसूरचा आयुक्त मार्क कबन याने जाहीर केले की, निःशस्त्रीकरणाचा कायदा कोडगूंना लागू होणार नाही. ती सवलत पुढे प्रत्येक शस्त्रकायद्यातून टिकली. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही ती चालू ठेवली. 2019 साली तिची मुदत 31 ऑक्टोबर 2029 पर्यंत वाढविण्यात आली आणि 2021 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. कोडगूंच्या कैलपोळद या शस्त्रपूजेच्या सणाला घराघरांतून बंदुका फुलांनी सजतात, आणि त्यासाठी कोडव कुटुंबाला परवान्याची गरज पडत नाही.

एकाच राज्यात आज हे दोन जिल्हे आहेत. एका ठिकाणी जमिनीबरोबर बंदूक घराण्याकडे राहिली; दुसऱ्या ठिकाणी जमीन, चाकरी आणि बंदूक यांची ताटातूट झाली. दोन्हीकडील शौर्यात फरक नव्हता. फरक पडला तो एका वर्षातील राजनिष्ठेने. शस्त्र बाळगण्याचा अधिकार हा हक्क मानला न जाता मेहेरबानी मानला गेला, म्हणजे त्याचे वाटप असेच होते.

1860 साली शस्त्रांचा दुसरा कायदा झाला आणि 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो सुप्रसिद्ध, किंबहुना कुप्रसिद्ध, भारतीय शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र सवलत होती, आणि काही निवडक मानकऱ्यांनाही. वर्णावर आधारलेला हा भेद पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलून दूर झाला, पण कायद्याची मूळ बैठक तशीच राहिली. ती बैठक अशी की, शस्त्राच्या मागे एक ओळखता येणारा, जबाबदार धरता येणारा, आणि प्रसंगी शिक्षा करता येणारा माणूस उभा असला पाहिजे. घराणे, गाव, जात, गड यांना परवाना मिळत नाही; तो एका नावाला मिळतो. 1844 आणि 1857 मध्ये सरकारला ज्या सामूहिक शस्त्रधारणेची धास्ती बसली होती, तिचा उपाय या एका नावात होता.

चारच वर्षांनी, 1882 साली, भारतीय न्यास अधिनियम झाला. त्याने खासगी न्यासाची व्याख्या केली. न्यास म्हणजे मालकीला जोडलेले बंधन. एकाने विश्वास टाकावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा, आणि दुसऱ्याने ती मालमत्ता तिसऱ्याच्या हितासाठी सांभाळावी. वाचताना असे वाटते की, हेच तर शेतसनदीचे वर्णन आहे. पण या दोन कायद्यांची गाठ पडली नाही. त्याची कारणे त्या न्यास कायद्यातच आहेत. हिंदू अविभक्त कुटुंबातील परस्परसंबंधांना आणि धार्मिक व धर्मादाय देणग्यांना त्याने हात लावला नाही. शिवाय न्यासाची मालमत्ता लाभधारकाला हस्तांतरित करण्याजोगी असावी, अशी त्याची अट आहे. घर देता येते, दागिना देता येतो. बंदूक मात्र ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हाती देताच येत नाही. आणखी एक अडचण अशी की, आपल्या कायद्यात न्यास ही स्वतः व्यक्ती नाही. देवाची मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, नोंदलेली कंपनी व्यक्ती आहे, परंतु खासगी न्यास म्हणजे केवळ विश्वस्तांवरील बंधन. तेव्हा न्यासाच्या नावाने बंदूक घेऊ पाहणारा माणूस फिरून तेथेच येतो. परवाना शेवटी कोणा तरी हाडामांसाच्या विश्वस्ताच्या नावानेच मागावा लागतो.

या एका नावाच्या कायद्याविरुद्ध देशाने आवाज उठविला नाही असे नाही. 1887 च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव केला. 1930 च्या जानेवारीत महात्मा गांधींनी सरकारपुढे जे अकरा मुद्दे मांडले, त्यांत मिठाबरोबर, लोकनियंत्रणाखाली आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, ही मागणीही होती. अहिंसेच्या प्रणेत्याने ही मागणी करावी याचे काहींना आश्चर्य वाटते. पण ज्याच्याजवळ शस्त्र ठेवण्याची मुभाच नाही त्याने शस्त्र टाकून दिले, याला त्याग म्हणता येत नाही. 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत घातला गेला.

स्वातंत्र्य आले तेव्हा मात्र विचार पालटला होता. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी कराची ठरावाची आठवण देऊन हा हक्क घटनेत घालावा अशी सूचना मांडली. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती मारक साधने विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्यकारभार चालावा कसा, असा डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा रोख होता. सूचना फेटाळली गेली. फाळणीच्या रक्तपाताला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, हे येथे विसरता येणार नाही. एकत्र जमण्याच्या हक्कात घटनेने शस्त्रांचा उल्लेख केला, पण तो लोकांनी शांततेने व शस्त्रे न घेता जमावे, एवढ्यापुरता.

दरम्यान या भागातील जुन्या व्यवस्थेचे उरलेसुरले खांबही काढले जात होते. दक्षिण मराठा संस्थाने 1948 च्या मार्चमध्ये आणि कोल्हापूर 1949 च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. 1950 साली मुंबई राज्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. भाषेचा प्रश्न जनतेच्या मनात धगधगत राहिला, पण शस्त्राच्या परवान्यापुरते पाहिले तर सीमेच्या दोन्ही बाजूंना कायदा एकच, कारण तो केंद्राचा. कागलचा शेतकरी आणि निपाणीचा शेतकरी यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. त्यांच्या परवान्यांमागे कायदा तोच आहे.

तो कायदा म्हणजे 1959 चा शस्त्र अधिनियम, जो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. परकीय सत्तेने प्रजेवर टाकलेला संशय दूर करावा आणि परवान्याची रीत सुलभ करावी, असा त्याचा हेतू सांगितला गेला. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा त्याने खास विचार केला. खानापूरच्या जंगलालगत ऊस आणि भात पिकविणाऱ्यांना, जेथे रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत उलथून टाकतो, त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पण 1878 ची मूळ बैठक, म्हणजे एका शस्त्रामागे एक नाव, ही कायमच राहिली. पुढे 1983 साली एका माणसाने तीनपेक्षा अधिक बंदुका बाळगू नयेत, अशी मर्यादा आली आणि 2019 साली ती दोनवर आणण्यात आली. वडिलोपार्जित शस्त्रही याच दोहोंत मोजले जाते. ज्याच्याकडे तिसरे होते, त्याला ते जमा करण्यास एक वर्षाची मुदत मिळाली. ज्या वाड्यांतून आजोबांची शिकारीची रायफल, वडिलांची दुनळी आणि मुलाचे पिस्तूल अशी तीन पिढ्यांची शस्त्रे एकाच्या नावावर आली होती, तेथे कोणत्या पिढीचा निरोप घ्यावयाचा, हे ठरविण्याची पाळी आली.

अमेरिकेत याच अडचणीतून शस्त्रन्यासाचा मार्ग निघाला. तेथे 1934 साली मशीनगन, आवाज दाबणारी नळी, आखूड नळीच्या रायफली अशा विशिष्ट शस्त्रांची नोंद सक्तीची झाली आणि हस्तांतरावर 200 डॉलरांचा कर बसला. त्या काळी 200 डॉलर ही भारी रक्कम होती. नोंदलेले शस्त्र नोंदलेल्या माणसाशिवाय दुसऱ्याने, मग तो घरचा का असेना, एकट्याने जवळ बाळगणे धोक्याचे. म्हणून तेथील वकिलांनी न्यासाचा उपाय काढला. शस्त्र न्यासाचे, विश्वस्त घरातील चारसहा माणसे. त्यांतील कोणीही ते कायदेशीरपणे हाताळावे, आणि एकाच्या मृत्यूने मालकी खंडित होऊ नये. परंतु या मार्गाला एक पळवाट होती. व्यक्तीला अर्जाबरोबर बोटांचे ठसे द्यावे लागत, न्यासाला बोटे नसल्यामुळे ती पायरी टळत असे. 2016 च्या जुलैपासून तेथील सरकारने नियम बदलला आणि न्यासातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे व छायाचित्र मागण्यास सुरुवात केली. म्हणजे न्यासाचा पडदा कितीही जाड विणला, तरी त्यामागे कोणाचा हात आहे हे राज्याने अखेर विचारलेच.

आपल्याकडे वेगळ्या वाटेने का होईना, या प्रश्नाची काही सोय झालेली आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. एवढेच नव्हे, तर परवानाधारकाचे वय सत्तर झाल्यावर, किंवा शस्त्र जवळ बाळगून पंचवीस वर्षे झाल्यावर, तो हयात असतानाच ते वारसाकडे जाण्याची वाट मोकळी होते. वारस एकाहून अधिक असतील तर एकाच्या नावावर परवाना व्हावा म्हणून इतरांची संमती लागते, आणि तो एक स्वतः पात्र असावा लागतो. जुनाट बनावटीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले हत्यार, जे दुरुस्त करूनही बार काढू शकत नाही, त्याला कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात छत्रपती घराण्याची शस्त्रे आज सर्वांना पाहायला मिळतात. जे शस्त्र वापरातून गेले आणि आठवणीत राहिले, त्याचा सर्वांत चांगला विश्वस्त संग्रहालय हाच होय.

म्हणून ज्यांना आपल्या घरातील बंदुकीची काळजी वाटते, त्यांनी दूरदेशीच्या न्यासाची नक्कल करण्याआधी जवळचे काम उरकावे, हे बरे. परवान्याची मुदत पाहावी. वडील सत्तरीला आले असतील तर भावंडांनी एकत्र बसून पुढील नाव ठरवावे आणि संमती लिहून ठेवावी. ज्याला शस्त्र हवे आहे त्यापेक्षा ज्याला ते सांभाळता येईल त्याचे नाव पुढे करावे. इतकी बैठक न झाल्यामुळे वाटणीच्या भांडणात ठाण्यात पडून राहिलेली बंदूक शेवटी जप्तीच्या यादीत जाते, आणि मग घराण्याचीही राहत नाही व माणसाचीही राहत नाही.

याच्या पलीकडे एक गोष्ट उरते, जी कोणत्याही नियमात लिहिता येणार नाही. रायण्णाच्या, सामानगडच्या गडकऱ्यांच्या आणि हलगलीच्या बेडरांच्या हातांत जे शस्त्र होते, त्याला एक कर्तव्य चिकटलेले होते. ते कर्तव्य काढून घेतले गेले आणि मागे नुसते शस्त्र उरले, म्हणूनच ते जीव घेणारे आणि जीव गमावणारे झाले. कायद्याने आज एका नावाचा आग्रह धरला आहे तो त्या तुटलेल्या गाठीचा पर्याय म्हणून. गावाचे बंधन गेले, सनदेचे बंधन गेले, तेव्हा निदान एका माणसाच्या सहीचे बंधन तरी राहावे, अशी ही तरतूद आहे. परक्या सरकारने ती भयापोटी केली. स्वतःच्या सरकारने ती शहाणपणाने चालू ठेवली, असे म्हणता यावे, हे राबविणाऱ्यांच्या वर्तनावर अवलंबून आहे. परवाना देणाऱ्याने तो मेहेरबानी म्हणून देऊ नये, आणि घेणाऱ्याने तो प्रतिष्ठा म्हणून मिरवू नये. ज्या मुलखाने एका यादीपायी जळालेले गाव पाहिले आहे, त्याला ही शिकवण नवी वाटू नये.

खंडेनवमीला शस्त्राची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होते. पूजा ही मालकाने मालमत्तेची करावयाची गोष्ट नव्हे. जे आपल्या स्वाधीन केले आहे, पण आपले नाही, त्याच्यापुढेच माणूस हात जोडतो. शस्त्र परवान्यावर कोणाच्याही नावाने असो, वर्षातून एक दिवस ते पाटावर ठेवताना या मुलखातील माणसाला ते ठाऊक असते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते ध्यानात ठेवले, की विश्वस्तपणाचा निराळा कागद करण्याचे कारण पडत नाही.